पोटातले चांगले जंतू गेले ते गेलेच का?

“ताई, हिच्या पोटातले चांगले जंतू आता कधीच यायचे नाहीत ना?” देवगडकडच्या एका आईचा हा प्रश्न. ३१व्या आठवड्यात सिझर, बाळ दीड किलोच्या आत, काचेच्या पेटीत मुक्काम, अँटिबायोटिक, नळीने दूध. हे सगळं तिने मोबाइलवर वाचलेल्या, चांगले जंतू कशाने जातात त्या यादीशी ताडून पाहिलं होतं आणि प्रत्येक कलमापुढे तिची खूण होती. त्यातच जावेचं बाळ पूर्ण दिवसांचं, नॉर्मल.

मी स्तनपान समुपदेशक. जंतूंबद्दल बोलण्याआधी मी दुधाचं विचारलं. रात्रीचं दूध काढणं तिने बंद केलं होतं. “जंतूच नाहीत तर दुधाने काय होणार?” मला काळजी वाटली ती याची. रात्रीचं दूध काढणं थांबलं की दूध आटायला वेळ लागत नाही.

जावेच्या बाळाला जन्मतानाच आईच्या अंगचे जंतू मिळाले. पहिले काही दिवस आतड्यात ई. कोलायसारखे, प्राणवायू चालणारे जंतू असतात. ते तिथला प्राणवायू वापरून संपवतात, मग प्राणवायू न सोसणारे बिफिडोबॅक्टेरिया, म्हणजे ती म्हणत होती ते चांगले जंतू, तिथे बस्तान बसवतात. अंगावर पिणाऱ्या बाळात काही आठवड्यांत त्यांचंच राज्य होतं. हिच्या लेकीचं आतडंच कोवळं, त्यात रुग्णालयातला मुक्काम. अशा बाळांत स्टॅफिलोकॉकस, एन्टरोकॉकस, क्लेब्सिएला ही मंडळी जास्त काळ ठाण मांडतात. बिफिडो येतात, पण उशिरा. लावणी मागे पडली म्हणून कोणी शेत पडीक धरत नाही. मूल घरचं जेवायला लागून दोन-तीन वर्षांचं झालं, की जंतूंचा हा संसार बराचसा मोठ्या माणसांसारखा होतो.

आणि या बिफिडोंना बोलावणारं दूधच असतं. आईच्या दुधात दोनशेहून अधिक प्रकारच्या अशा साखरा असतात, ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या खातात बिफिडोबॅक्टेरिया. शिवाय अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं आतडं सुजून सडू लागण्याचा जो भयंकर आजार आहे, त्याचा धोका आईच्या दुधाने कमी होतो. हे ऐकल्यावर ती गप्प झाली, मग म्हणाली, “हे मला कोणी सांगितलंच नाही.” खरंच नसेल सांगितलं. अतिदक्षता कक्षात वजनाचे आकडे सांगण्यातच सगळ्यांचा वेळ जातो.

तिने प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत चांगल्या जंतूंची पावडर मागवून ठेवली होती. ती उघडू नकोस म्हटलं. काही रुग्णालयांत ठरावीक जातीचे प्रोबायोटिक डॉक्टरांच्या नजरेखाली देतात, ती गोष्ट निराळी. अशा बाळांत तेच जिवंत जंतू रक्तात उतरून संसर्ग झाल्याच्या घटना आहेत. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावरून इशाराही दिला. शौचातले जंतू मोजून देणारी महागडी चाचणीही तिने शोधली होती. त्या अहवालावरून घरी करण्यासारखं काहीच नसतं, पैसे तेवढे जातात.

सासूबाईंना पावडर नको हे पटलं, पण त्यांची सहाण तयार होती. “आमची पोरां घुटयेरच वाढली गो.” त्यांच्याशी वाद घातला नाही. सहा महिने घुटी, पाणी काही नको आणि वर्षभर मध मुळीच नको, एवढं सांगितलं. मधातून बाळाला बॉट्युलिझम, म्हणजे अंग लुळं पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो. त्याऐवजी सून बाळाला उघड्या छातीशी धरून बसेल तेव्हा स्वयंपाक तुम्ही बघा, म्हटलं. त्या सुनेकडे बघून म्हणाल्या, “आजपासूनच बस.”

रात्रीचं दूध काढणं त्याच दिवशी पुन्हा सुरू झालं. दूध वाढायला वेळ लागला, पण वाढलं.

जाताना एक कागद लिहून दिला: पोट फुगून टणक झालं, हिरवी उलटी झाली, शौचात रक्त दिसलं किंवा बाळ मलूल होऊन पिईनासं झालं, तर सकाळच्या एसटीची वाट बघायची नाही, मिळेल ती गाडी करून बाळांच्या डॉक्टरकडे जायचं.