जावा विकण्याआधी ती तुमच्या नावावर येऊ द्या

प्रश्न: मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहतो. वडिलांची १९६८ ची जावा २५० मोटारसायकल माळ्याखाली गंजत पडली होती. उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीच्या मदतीने ती परत उभी केली. जुन्या इंजिनाचा केस (बाहेरचं धातूचं कवच) फुटलेला होता, म्हणून भंगारातून त्याच मॉडेलचं दुसरं इंजिन आणून बसवलं. वडील २०१४ साली वारले, मृत्युपत्र नाही. आरसी (गाडीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र) अजून त्यांच्याच नावावर आहे. बेळगावच्या एका शौकिनाने टोकन दिलंय. तो म्हणतो, "टीटीओ (मालकी बदलाच्या) फॉर्मवर वडिलांची सही तुम्हीच मारा, नोटरी करून घेऊ, बाकी मी बघतो." आई माझ्याकडे असते. सांगलीची बहीण म्हणते, मला न विचारता गाडी विकायची नाही. काय करावं?

उत्तर: वडिलांची सही मारायचं डोक्यातून काढून टाका. गेलेल्या माणसाची सही करणं म्हणजे सरळ बनावटगिरी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ मध्ये तिला शिक्षा आहे आणि नोटरीचा शिक्का मारल्याने ती खरी होत नाही. "बाकी मी बघतो" म्हणणारा माणूस पोलीस दारात आल्यावर बघायला येत नाही, तेव्हा फॉर्मवरचं अक्षर तुमचं असतं.

बहीण बरोबर बोलते आहे. वडील मृत्युपत्राशिवाय गेले, म्हणजे १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागतो. त्याप्रमाणे आई, तुम्ही आणि बहीण तिघांचा सारखा हिस्सा. आजी (वडिलांची आई) हयात असतील तर त्यांचाही. लग्न होऊन सांगलीला गेली म्हणून बहिणीचा हक्क जात नाही. तुमच्याकडे ताबा आणि एक हिस्सा आहे, पूर्ण मालकी नाही, आणि आपल्याकडे आहे त्यापेक्षा जास्त हक्क कुणाला विकता येत नाही, हे १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम २७ चं साधं सूत्र आहे. तुम्ही खर्च केलात, क्रोमच्या बिलाने घाम फुटला असेल, हे खरं. पण तो खर्च वजा करून उरलेल्या पैशांचं काय करायचं, हे तिघांनी बसून ठरवा आणि कागदावर घ्या. भाऊबीजेला तोंडी ठरलेल्या गोष्टी पुढच्या भाऊबीजेपर्यंत टिकत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

मग आरटीओत फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि आई-बहिणीचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र देऊन गाडी तुमच्या नावावर करून घ्या. नियमाप्रमाणे मृत्यूनंतर ३० दिवसांत कळवायचं असतं आणि ३ महिन्यांत अर्ज करायचा असतो. तुम्हाला बराच उशीर झालाय, दंड भरावा लागेल. पण दार बंद झालेलं नाही. नोंदणीची मुदतही संपलेली असणार, तिचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर याच फेऱ्यात उरकून घ्या.

खरं दुखणं इंजिनाचं आहे. आरसीवर एक इंजिन नंबर, केसवर ठोकलेला दुसरा. इंजिन बदललं तर १४ दिवसांत आरटीओला कळवावं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं. ते राहिलंय, तर आता स्वतःहून कळवा. त्यासाठी इंजिन कुठून आलं याचा कागद लागेल. भंगारवाल्याकडून बिल घ्या आणि ते इंजिन ज्या गाडीचं होतं तिचा नंबर विचारा. ती गाडी चोरीची निघाली तर पहिला प्रश्न तुम्हालाच येईल. बिल द्यायला तो टाळाटाळ करू लागला, तर ते इंजिन गाडीवर ठेवायचं का, याचाच विचार करा.

आणि एक सांगतो, कारण मिस्त्री लोक हे "सेवा" म्हणून करून देतात. आरसीवरचा जुना नंबर नव्या केसवर ठोकून घेऊ नका. कानशीने घासून नवे पंच मारलेले अक्षर-आकडे बघणाऱ्याला ओळखू येतात, ओळ वाकडी असते आणि धातूचा पोत वेगळा दिसतो. फ्रेमवरच्या चेसिस नंबरचंही जपा. नव्या रंगाने आकडे बुजले असतील तर रंग काढायच्या द्रावणाने, फडक्याने हळूहळू मोकळे करा, ग्राइंडर लावू नका. तपासणीच्या वेळी त्यावर कागद धरून पेन्सिल फिरवतात आणि छाप घेतात. एखादा आकडा उमटला नाही तर तिथेच गाडी अडते. गंजाने आकडा खरोखर गेला असेल तर आरटीओला लेखी कळवून त्यांच्या परवानगीनेच पुढचं करा.

खरेदीदाराला इंजिनाचं सांगितलंय का? पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही. "सगळं ओरिजिनल" असं एकदा जरी व्हॉट्सअॅपवर म्हणाला असाल, तर तो उद्या करार रद्द करून पैसे परत मागू शकतो, फसवणुकीची तक्रारही करू शकतो. इंजिनावरचा नंबर आरसीशी जुळतो, याचेच शौकीन माणूस पैसे मोजतो. दोन्ही नंबर विक्रीच्या कागदावर लिहा, "इंजिन बदललेले आहे" हे वाक्य घाला आणि त्याची सही घ्या. भाव थोडा उतरेल, उतरू द्या.

टोकन देताना दिलेला शब्द आत्ताच्या स्थितीत तुम्हाला पाळता येत नाही. तसं त्याला लेखी कळवा, मुदत मागा. थांबायला तयार नसेल तर टोकन परत करा, जप्त करायच्या भानगडीत पडू नका.

"व्हिंटेज नोंदणी करून घेऊ का" असं पुष्कळ जण विचारतात. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाडीला ती मिळते. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. पण गाडी मूळ रूपात हवी, चेसिस किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. बदललेल्या इंजिनाने तिथे अडचण येऊ शकते. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती आणि इंधन भरण्यापुरतीच ती रस्त्यावर येते. खरेदीदाराला रविवारी आंबोलीला जायचं असेल तर साधी नोंदणीच बरी. हे त्यालाच ठरवू द्या.

नाव तुमचं झालं की पुढचं सरळ आहे. गाडी कर्नाटकात जाणार, म्हणून फॉर्म २८ वर आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) काढा. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० तारखेसह पूर्ण भरून सही करा, कोरी जागा ठेवू नका. राज्याबाहेरच्या विक्रीत तुमच्या बाजूची पूर्तता ४५ दिवसांत व्हायला हवी, आणि ती झाल्याची पोच फाइलला लावा. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात गाडी विकून बरेच हात बदलले होते, तरी अपघाताची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने आरसीवर नाव असलेल्या पहिल्या मालकावरच टाकली. विकली म्हणून सुटलो, असं कुणी समजू नये.

तोवर थर्ड पार्टी विमा नसेल तर गाडी रस्त्यावर काढू नका. बेळगावकर टेस्ट राइड मागतील, त्यांना अंगणातच किक मारून इंजिन ऐकवा. शिवाजी पेठेतून एक चक्कर नको.