शिकून गोदामातच उभं राहायचं ना?

2024 च्या जानेवारीत निफाड तालुक्यातलं एक कुटुंब करिअरच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे आलं. मुलगी फूड टेक्नॉलॉजीच्या बी.टेक.च्या शेवटच्या सत्रात. तिला मी मेघना म्हणते. नाव आणि काही तपशील अर्थातच बदललेत. तिला पुढे अन्नउद्योगातलं सप्लाय चेन मॅनेजमेंट शिकायचं होतं. आई गप्प. वडिलांनी खुर्चीत बसायच्या आतच विषय काढला.

"मॅडम, तुम्हीच सांगा तिला. चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, आता वर एमबीएचं कर्ज काढायचं आणि शेवटी गोदामात उभं राहून क्रेट मोजायचे? ते काम आमच्या गावात दहावी नापास पोरं करतात."

हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी ऐकायला मिळतो. 'पुरवठा साखळी' म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांसमोर ट्रक, हमाल आणि पोती येतात. त्यात चूक काही नाही, साखळीचा दिसणारा भाग तेवढाच असतो.

मी मेघनाला विचारलं, "हेच का?" तिनं 'ग्रोथ', 'स्कोप', 'मल्टिनॅशनल' असे तीन शब्द टाकले. खरं सांगायचं तर मला त्यात दम वाटला नाही. कॉलेजच्या सेमिनारमध्ये असले शब्द फुकट वाटले जातात. म्हणून ना बाजूनं बोलले ना विरोधात. शेवटच्या सत्रात इन-प्लांट ट्रेनिंग असतंच. ती बिस्किटांच्या एका कारखान्यात जाणार होती, कारण मैत्रिणी तिथे चालल्या होत्या. मी म्हटलं, "द्राक्षाचा हंगाम चालू आहे. घरापासून वीस किलोमीटरवर पॅकहाऊस आहे, निर्यातीचा माल निवडून पेट्यांत भरतात ते. तिथे जाता आलं तर बघ. आणि रोज रात्री एकच लिहून ठेव: आज माल कुठे थांबला आणि का थांबला."

मार्चमध्ये ती वही घेऊन आली. कडेला द्राक्षाच्या रसाचे डाग, अक्षर घाईतलं. एक नोंद मी तिला मोठ्यानं वाचायला लावली. सकाळी नऊला तोडलेला माल साडेअकरापर्यंत बागेतच, कारण पिकअपवाला दुसऱ्या प्लॉटवर अडकला. पॅकहाऊसला आल्यावर मण्यात थर्मामीटरची सुई खुपसून पाहिलं तर आतलं तापमान नेहमीच्या लॉटपेक्षा कितीतरी जास्त. असा माल प्रीकूलिंगला, म्हणजे पाठवण्याआधी थंड करायला, जास्त तास खातो, तोवर मागचा लॉट खोळंबतो, घडाच्या काड्या तपकिरी पडायला लागतात. "दोन-अडीच तास बागेत गेले मॅडम, पण त्याचा भुर्दंड तिकडे युरोपात, रॉटरडॅमच्या बंदरात दिसणार," ती म्हणाली. 'स्कोप' हा शब्द त्या दिवशी तिनं एकदाही काढला नाही.

त्याच हंगामात तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जात होती. वाटेतले दिवस वाढले, भाडं वाढलं. मग कोणता प्लॉट युरोपला पाठवायचा आणि कोणता जवळच्या बाजारात, हे रोज ठरवावं लागत होतं. जो माल जास्त दिवस टिकेल तोच लांब. ते ठरवणारा माणूस गोदामातच उभा होता, पण क्रेट मोजत नव्हता.

वडील हे सगळं ऐकत होते. मग एकदम म्हणाले, "2010 ला आमचाही माल गेला होता युरोपला. परत फिरवला. निर्यातदारानं निम्मे पैसे दिले, उरलेले आजपर्यंत नाहीत."

खोलीत जरा वेळ कुणी बोललं नाही. मेघना तेव्हा तिसरीत होती. मला आधीच्या भेटीतला त्यांचा चिडका सूर आठवला. तो गोदामावरचा राग नव्हताच. या धंद्यात एकदा हात पोळलेला बाप पोरीला त्यापासून लांब ठेवू पाहत होता.

त्या वर्षी सीसीसीचे, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईडचे, अंश सापडल्यामुळे नाशिकची द्राक्षं युरोपात अडकली होती. वेलीची वाढ आटोक्यात ठेवायला ते वापरलं जायचं. मेघनानं पॅकहाऊसमध्ये जुन्या लोकांकडून हे खोदून काढलं होतं. ती वडिलांना म्हणाली, "अण्णा, आपला माल खराब नव्हता. गाडीही वेळेत गेली होती. आपल्याकडे ज्या औषधांचे अंश तपासायचे त्या यादीत सीसीसी नव्हतंच. तिकडे ते तपासलं. माल पोचला, माहिती पोचली नाही."

सप्लाय चेन म्हणजे काय, हे मी वीसेक वर्षांत इतक्या थोडक्यात कुणाला सांगू शकलेले नाही. ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांसाठीच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेत, प्लॉटची नोंदणी, नमुन्याचा अहवाल, पेटीवरचा नंबर, कंटेनरमधलं तापमान नोंदवणाऱ्या डेटा लॉगरचा आलेख हे सगळं माहितीचंच काम आहे. दुधात, फ्रोझन मटारात, मसाल्यात वस्तू बदलते, दुखणं तेच. म्हणून साध्या एमबीएवाल्यापेक्षा ज्याला मण्याच्या आतलं तापमान कळतं, त्याला इथे जास्त किंमत असते.

पुढचं मग पटपट झालं. कर्ज काढून लगेच कुठल्याही खासगी कॉलेजात जायचं नाही, यावर माझं आणि वडिलांचं एकमत. (मेघनाचं नव्हतं, तिनं तोंड पाडलं.) आधी वर्षभर नोकरी, त्यातच कॅटची, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेची, तयारी. हैदराबादचं मॅनेज, पुण्याचं वैकुंठ मेहता संस्थान, जयपूरचं नियाम, कुंडलीचं निफ्टेम या संस्थांचे अभ्यासक्रम मी तिच्यासमोर ठेवले. तिथे शेती आणि अन्न हा मूळ विषय असतो, जोडविषय नाही. पहिल्या नोकरीत निम्मा दिवस एक्सेलमध्ये आणि उरलेला ड्रायव्हरना फोन करण्यात जाणार, हंगामात रात्री उशीर होणार, हेही स्पष्ट सांगितलं. आई तेव्हा पहिल्यांदा बोलल्या: "रात्री तिला आणणार कोण?"

या प्रश्नाला मी गुळगुळीत उत्तर देत नाही. मुलींच्या बाबतीत पगाराच्या आधी कंपनीची गाडी आहे का, हे विचारायचं. मेघनानं एक ऑफर त्यावरूनच नाकारली आणि दुसऱ्या पॅकहाऊसला डिस्पॅचमध्ये लागली. तिथेही दहानंतर गाडी नव्हती, पण घर जवळ होतं.

पुढच्या हंगामात, फेब्रुवारीत, वडिलांचा फोन आला. कंटेनरला सील लागल्याशिवाय ती निघत नाही, म्हणून न्यायला ते स्वतःच जातात. "अर्धा-पाऊण तास गेटवर बसतो मॅडम. काल वॉचमननं विचारलं, तुमचा माल आलाय का? म्हटलं, माल नाही, पोरगी आत आहे. मग बाहेर आल्यावर गाडीत तिचे प्रश्न सुरू. आपल्या प्लॉटवर तोडणी किती वाजता सुरू करता म्हणे."

"मग काय सांगितलंत?"

"आता सहाला सुरू करतो."