नसलेल्या पैशाचे व्याज काढताना

चि. मित्रास अनेक आशीर्वाद.

सत्यम कॉम्प्युटर्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या हिशेबातील घोटाळ्यावरील तुझ्या कॉमिकची कच्ची पाने सावकाश पाहिली. रेषेवर तुझा हात चांगला बसला आहे, म्हणून त्याविषयी लिहीत नाही. पहिल्या पानावरचा, नोटांच्या पोत्यावर बसून सिगार ओढणारा ढेरपोट्या शेठ मात्र काढून टाक. १८८९ साली व्यंगचित्रकार जोसेफ केप्लर यांनी आपल्या चित्रात अमेरिकेच्या सिनेटमध्ये मक्तेदार कंपन्यांचे धनी पोटाच्या जागी पैशाची थैली लावून उभे केले, तेव्हा ती कल्पना ताजी होती. आता तिला वास येतो. शिवाय हैदराबादच्या या प्रकरणात पोत्यात पैसाच नव्हता, आणि खरा विनोद तिथेच आहे.

सत्यमचे संस्थापक व अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी संचालक मंडळाला लिहिलेले कबुलीपत्र समोर ठेवून कामाला लाग. ताळेबंदात रोख व बँकेतील शिल्लक ५,३६१ कोटी रुपये दाखवली होती. त्यांपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. त्याखेरीज ३७६ कोटींचे जमा झालेले व्याज दाखवले होते, तेही नव्हते. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात आपण ऐकला आहे, पण इथे त्या भातावर तूपही वाढलेले आहे. एवढ्या मोठ्या ठेवीवर व्याज दाखवले नाही तर कोणीतरी विचारणार, आणि दाखवले तर खोटे आणखी वाढणार, ही कोंडी एका चौकटीत मावते: रिकामी तिजोरी, आणि तिच्याशेजारी बसून पैपैचे व्याज चोख काढणारा कारकून. त्याला हसरा काढू नकोस.

त्याच पत्रात सप्टेंबर २००८च्या तिमाहीचे आकडे आहेत. उत्पन्न २,७०० कोटी दाखवले, खरे २,११२ कोटी होते. कामकाजातील नफा ६४९ कोटी दाखवला, खरा ६१ कोटी होता. दोन्ही वजाबाक्या करून पाहा, उत्तर ५८८ कोटीच येते, आणि त्या तिमाहीत बँकेतील खोटी शिल्लकही तेवढ्यानेच वाढली. हा एकच आकडा तीन चौकटींतून चालत जाऊ दे: पहिलीत तो विक्री असेल, दुसरीत नफा, तिसरीत ठेव. तुझ्या चार पानांच्या संवादांपेक्षा वाचकाला त्यातून अधिक कळेल.

वाघाच्या पूर्ण पानाविषयी माझा आक्षेप वेगळा आहे. आपण वाघावर स्वार झालो होतो आणि त्याच्या तोंडी न पडता उतरावे कसे ते कळत नव्हते, असे राजूंनी लिहिले. ही उपमा त्यांच्या सोयीची आहे, कारण वाघावर बसलेल्या माणसाची कीव येते. तू दर तिमाहीला त्या वाघापुढे घास टाकणारे हात काढ. कबुलीपत्र हे कबूल करणाऱ्याच्या बचावाचेही पत्र असते, म्हणून त्याला निवेदक करू नकोस. आपण एक रुपयाही घेतला नाही, असेही त्याच पत्रात आहे. एप्रिल २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने मात्र त्यांना आणि इतर नऊ जणांना दोषी ठरवले व त्यांना सात वर्षांची शिक्षा सुनावली. ती पुढे अपिलात स्थगित झाली, हेही त्याच चौकटीत तारखेनिशी लिही. व्यंगचित्रकाराने नाक हवे तेवढे लांब करावे, तारीख करू नये. पत्रातील शब्द आणि तू रचलेले शब्द यांच्या फुग्यांचे अक्षरही वेगळे ठेव. नवव्या पानावर राजूंच्या तोंडी घातलेले वाक्य मला कागदपत्रांत कुठेही सापडले नाही.

मेटासचे पान सुरेख जमले आहे. सत्यम हे नाव रोमन लिपीत उलटे लिहिले की मेटास होते. राजू कुटुंबाशी संबंधित त्या दोन कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरना विकत घेण्याचा ठराव १६ डिसेंबर २००८ रोजी झाला आणि गुंतवणूकदारांच्या संतापामुळे लगेच मागे घ्यावा लागला. खोट्या मालमत्तेच्या जागी खरी आणण्याचा तो शेवटचा प्रयत्न होता, असे पत्रच सांगते. तेव्हा तिथे आरसा पुरे, त्याखालची तीन ओळींची टीप खोड.

सुधारलेली पाने छापूनच पाठव. माझा चष्मा बदलला असला तरी मोबाइलवर मला ५८८ आणि ५५८ सारखेच दिसतात.

तुझा हितचिंतक