कुस्तोडे आले!

रेवदंडा,
भर पावसात

चि. लेखकास अनेक आशीर्वाद.

तुझी तीन प्रकरणं वाचली. खाडीचं पाणी डोंगर चढतं तो प्रसंग झकास. पण 'नॉक्स कुस्तोस' या तुझ्या टोळीपाशी मी अडखळलो. लॅटिन शब्दकोशातून दोन शब्द उचलून शेजारी शेजारी बसवलेस, ते 'रात्र राखणदार' असं झालं. राखणदारही एकच, तुझ्या गोष्टीत तर सतरा आहेत. रात्रीचे राखणदार हवेत ना? मग नॉक्सला षष्ठी लाव, 'नॉक्तिस'. कुस्तोसचं अनेकवचन 'कुस्तोदेस'. झालं 'कुस्तोदेस नॉक्तिस'. शाळेत संस्कृत घेतलं असशील तर 'नक्तम्' आठव, हा नॉक्स त्याच्याच गोतातला.

लॅटिनकडे इंग्रजीच्या दारातून जाऊ नकोस. आपल्याकडे तीन लिंगं आहेत, विभक्त्या आहेत, नामाप्रमाणे विशेषण बदलतं. इंग्रजाला जे घोकावं लागतं ते तुझ्या कानाला आधीच ठाऊक आहे. तुझी जादूची 'क्लाविस आन्तिक्वुस' म्हणजे 'जुना चावी'! क्लाविस स्त्रीलिंगी, म्हणून 'क्लाविस आन्तिक्वा'. गंमत म्हणजे आपली चावीही पोर्तुगिजांकडून आली आणि तिचं मूळ हेच क्लाविस.

पण शेवटच्या अक्षरावर विसंबू नकोस. मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि तरी बागेतल्या चिंचेवर माझ्याच हाताने पाटी रंगवली होती, 'तामारिंडुस इंडिकुस'. शेवटी 'उस' दिसला, पुल्लिंगी समजलो. लॅटिनमध्ये झाडं बहुधा स्त्रीलिंगी, त्यामुळे चिंच ही 'तामारिंडुस इंडिका'. पाटी गंजून पडेपर्यंत कोणी ब्र काढला नाही. तुझे वाचक काढतील.

भेसळीला मात्र भिऊ नकोस. आंब्याच्या शास्त्रीय नावात, 'मॅन्जिफेरा'त, पहिला तुकडा आपल्या दक्षिणेकडचा, पोर्तुगिजांच्या तोंडून युरोपात गेलेला; 'फेरा' म्हणजे धारण करणारी, हा तेवढा लॅटिन. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ साली हे खुशाल छापलं. मग दिवे वाहणाऱ्या तुझ्या होडीला 'दिवलीफेरा' म्हटलंस तर मी कशाला हरकत घेऊ? मराठी वाचकाला त्यात होडीचा फेराही ऐकू येईल.

उच्चार कुठलाही धर, पण एकच धर. 'उजेडाचा' या अर्थी जुन्या रोमचा 'लूकिस', रोमच्या चर्चचा 'लूचिस'. तुझ्या दुसऱ्या प्रकरणात दोन्ही आहेत.

आता खरी अडचण. ही नावं ठेवली कुणी? तुझ्या किनाऱ्यावर कोळी आहेत, भंडारी आहेत, एक वैदू आहे. यांच्यातलं लॅटिन कुणाला येतं? आमच्या चौल-कोर्लईच्या बाजूला ते येत असेल तर पाद्र्याला. चर्चमधल्या मुख्य प्रार्थना लॅटिनमध्येच व्हायच्या, थेट १९६०च्या दशकापर्यंत. पोर्तुगिजांची सत्ता इथून १७४०मध्ये गेली, तरी कोर्लईत त्यांच्या भाषेतून घडलेली बोली आजही बोलतात. म्हणजे भाषा राहते, पण माणसांच्या जिभेवर झिजून राहते. 'पगार'च घे. त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं 'शांत करणं' आहे. महिन्याच्या एक तारखेला ते पटतंही.

तेव्हा पाद्री असलेलं एखादं पात्र आण. 'कुस्तोदेस नॉक्तिस' हे अख्खं नाव त्याच्या वहीत आणि किल्ल्याच्या दगडावर, एवढ्या दोनच ठिकाणी येऊ दे. बाकी गावाला ते जड. रात्री बंदरावर सतरा कंदील दिसले की कोळीण मासळीची टोपली आत ओढेल आणि सुनेला म्हणेल, "आयले गो कुस्तोडे, दार लाव." अगदी आपल्याकडच्या आडनावासारखं.

हे प्रकरण पुन्हा लिही आणि पाठव. वैदूबद्दल मला भांडायचंय, ते पुढच्या पत्रात.

तुझा,
सर