वाचकांचे प्रश्न : जुन्या भिंतीची ओल

प्रश्न : आमच्या जुन्या घराच्या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. ओल येते म्हणून खालच्या भागाला सिमेंटचा गिलावा करून घेतला. आता ओल त्याच्याही वर चढली असून रंगाचे पापुद्रे सुटत आहेत. गिलावा आणखी वरपर्यंत न्यावा का?

उत्तर : मुळीच नेऊ नये. जमिनीतून भिंतीत चढणारा ओलावा पूर्वी चुन्याच्या सच्छिद्र गिलाव्यातून हवेत निघून जात असे; सिमेंटच्या घट्ट थराने ती वाट बंद केल्यामुळे पाणी वर सरकले आणि त्याबरोबर आलेल्या क्षारांनी रंग उचलला. आधी पाण्याचा उगम शोधावा : बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा उंच आहे का, छपराची पन्हाळ भिंतीलगत गळते का, न्हाणीघरातील नळ आतून झिरपतो का. (कंत्राटदार बहुधा जलरोधक रंगच सुचवील; तोही सिमेंटसारखीच ओलाव्याची वाट बंद करतो, म्हणून लावू देऊ नये.) उगम बंद झाल्यावर सिमेंट जपून काढावे आणि भिंत उघडी ठेवावी. वाळण्यासाठी जाडीच्या दर इंचाला ढोबळमानाने एक महिना धरतात, म्हणजे 18 इंची भिंतीला दीड वर्षही लागू शकते. त्यानंतरच चुन्याचा गिलावा आणि चुन्याचीच सफेदी करावी. जुन्या विजेच्या तारा बदलायच्या असल्यास ते काम या मधल्या काळात उरकावे.