मराठीत बोलतानाच मुलीचा आवाज का अडतो?

प्रश्न: आमची तेरा वर्षांची मुलगी शाळेतील वादविवाद स्पर्धेत इंग्रजीत सहज बोलते. मात्र मंडळाच्या गणेशोत्सवात गेल्या वर्षी ती मराठी भाषण अर्ध्यावर सोडून खाली उतरली आणि यंदा नाव देण्यास तयार नाही. तिला सभाधीट कसे करावे? (एक पालक, न्यू जर्सी)

उत्तर: जी मुलगी अनोळखी परीक्षकांसमोर बोलू शकते, तिला व्यासपीठाचे भय आहे असे मला वाटत नाही. तिला भय असावे ते समोर बसलेल्या काका-मावश्यांचे, ज्यांना तिचा ‘ळ’ ऐकून किंवा लिंगाची चूक ऐकून हसू येते. हे हसू कौतुकाचे असते हे मोठ्यांना ठाऊक असते. त्या वयाच्या मुलीला ते तसे वाटत नाही.

म्हणून आरंभ घरातून करावा. ती जेवताना मराठीत काही सांगत असेल, तर तिला मध्येच थांबवून व्याकरण सुधारू नये. तिचे बोलणे पूर्ण झाल्यावर आपल्या उत्तरात तोच शब्द बरोबर योजला म्हणजे पुरे.

आपण लिहिलेले नाही, परंतु माझा तर्क असा की ते भाषण घरातील वडीलधाऱ्यांनी लिहून दिले होते आणि ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’ अशी त्याची सुरुवात होती. अशा पाठ केलेल्या भाषणातील एक शब्द निसटला की पुढचे सारेच निसटते, कारण त्या जागी घालायला मुलीजवळ स्वतःचा शब्द नसतो. यंदा विषय तिने निवडावा, मग तो आजीकडून व्हिडिओ कॉलवर शिकलेल्या उकडीच्या मोदकांचा का असेना. पहिले आणि शेवटचे वाक्य तेवढे पाठ असावे आणि मधले चार-पाच मुद्दे तिने कार्डावर लिहावेत, हवे तर रोमन लिपीत. काही वाचकांना हे रुचणार नाही, पण देवनागरी वाचनाची परीक्षा त्याच दिवशी घेण्याचे कारण मला दिसत नाही.

सराव उभे राहून, मोठ्याने करावा: आधी आजीसमोर, मग ओळखीच्या एखाद्या कुटुंबासमोर आणि शक्य असल्यास कार्यक्रमापूर्वी रिकाम्या सभागृहात माइकवर. छातीची धडधड आणि घशाची कोरड ॲड्रेनलिनमुळे होते. श्वास सावकाश सोडल्याने ती बरीच आवरते. केनेथ सॅविट्स्की आणि टॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, वक्त्याला आपली घबराट जितकी उघड वाटते तितकी ती श्रोत्यांना जाणवत नाही. विशेष म्हणजे ही गोष्ट आधी समजावून दिलेल्या वक्त्यांची भाषणे अधिक चांगली झाली. ती मुलीलाही अवश्य सांगावी.

हीच भीती पुढे वर्गात उत्तर देताना किंवा दुकानात काही मागतानाही दिसू लागली आणि सहा महिने टिकली, तर बालमानसतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

यंदा नाव द्यावे की नाही, हे तिलाच ठरवू द्यावे. भाषण नको असल्यास मैत्रिणीच्या जोडीने एखाद्या कार्यक्रमाचे निवेदन करता येईल का, असे मंडळाला विचारावे, आणि त्या दिवशी पहिल्या रांगेत, तिची नजर जाईल अशा जागी, मध्येच शब्द न पुरवणाऱ्या माणसांना बसवावे.