गडकिल्ल्यांचं एआर ॲप शाळेतल्या डेस्कटॉपवर कसं चालवायचं?

वाळवा तालुक्यातल्या शाळेत चौथीला शिवरायांचा इतिहास शिकवणाऱ्या एका सरांनी विचारलंय. त्यांच्या फोनवर एआर (ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे कॅमेऱ्यातल्या खऱ्या दृश्यावर आभासी वस्तू दाखवणारं) ॲप व्यवस्थित चालतं, टेबलावर गड उभा राहतो. लॅबमधल्या डेस्कटॉपवर ब्लूस्टॅक्स (संगणकावर अँड्रॉइड ॲप्स चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून तेच ॲप उघडलं की कधी कॅमेरा काळा दिसतो, कधी उपकरण सुसंगत नसल्याचा संदेश येतो. एका फोनभोवती पस्तीस मुलं जमवता येत नाहीत, म्हणून प्रोजेक्टरवर दाखवायचंय.

सर, ॲप डेस्कटॉपवर चालवायच्या मागे लागू नका. ॲप फोनवरच चालू दे, फोनचा पडदा तेवढा डेस्कटॉपवर आणा. पस्तीस मुलांना दाखवायला हाच रस्ता सरळ आहे. एम्युलेटरची, म्हणजे संगणकावर नकली फोन उभा करणाऱ्या सॉफ्टवेअरची, गरज कुणाला असते ते खाली सांगतो.

आधी ब्लूस्टॅक्सवर का अडतं ते बघा. टेबलावर गड ठेवणारी बहुतेक अँड्रॉइड ॲप्स गूगलच्या एआरकोअर या एआर यंत्रणेवर चालतात. एआरकोअर कॅमेऱ्याच्या चित्रातले ठळक ठिपके, कोपरे, रेषा पकडतं आणि त्याच क्षणी फोनमधला जायरोस्कोप व ॲक्सेलरोमीटर हे हालचाल मोजणारे सेन्सर काय सांगतात ते त्याच्याशी जुळवतं. या दोन्हींवरून फोन किती सरकला, किती वळला हे ठरतं, म्हणून तुम्ही भोवती फिरलात तरी गड जागचा हलत नाही. डेस्कटॉपच्या वेबकॅममध्ये हे सेन्सर नसतात. शिवाय कॅमेरा आणि सेन्सर एकमेकांशी नीट जुळतात का हे गूगल फोनच्या मॉडेलनुसार तपासतं आणि मगच ते मॉडेल यादीत घेतं. ब्लूस्टॅक्ससारखे गेमसाठीचे प्लेअर त्या यादीत बसत नाहीत. काही ॲप्स तर अशा उपकरणाला प्ले स्टोअरमध्ये दिसतसुद्धा नाहीत.

आता पडदा आणायचा कसा. स्क्रीनकॉपी नावाचं मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. टाइप करताना स्पेलिंग एस-सी-आर-सी-पी-वाय, सगळी लहान अक्षरं. ते त्याच्या अधिकृत गिटहब पानावरूनच घ्या. त्याच नावाच्या भलत्या साइट्स बऱ्याच आहेत. विंडोजसाठी झिप फाइल मिळते, ३२ बिट आणि ६४ बिट दोन्हींसाठी. ती फोल्डरमध्ये उघडायची, बस. इन्स्टॉल करावं लागत नाही, त्यामुळे लॅबच्या संगणकाचा ॲडमिन पासवर्ड नसला तरी अडत नाही. फोनवरही काही टाकावं लागत नाही.

फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’मध्ये जाऊन बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप करा, म्हणजे डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे यूएसबी डिबगिंग चालू करा. केबल जोडली की फोनवर परवानगीची खिडकी येते. त्यात ‘नेहमी परवानगी द्या’वर खूण करून होकार द्या. ही खिडकी नजरेतून सुटली तर संगणकावर ‘अनऑथराइज्ड’ येतं आणि पुढे काहीच होत नाही. केबल काढून पुन्हा लावा, खिडकी परत येते. संगणकाला फोन दिसतच नसेल तर सगळ्यात आधी केबल बदला. नुसत्या चार्जिंगच्या केबलमधून डेटा जात नाही, आणि बाहेरून ती ओळखू येत नाही.

मग फोल्डरमधली स्क्रीनकॉपीची एक्झी फाइल डबल क्लिक करा, फोनचा पडदा खिडकीत उघडतो. लॅबचा संगणक जुना असेल तर चित्र अडखळतं. तेव्हा त्याच फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आज्ञेचं नाव (वरचंच एस-सी-आर-सी-पी-वाय), स्पेस, डॅश एम, स्पेस, १०२४ असं द्या. चित्राची मोठी बाजू १०२४ पिक्सेलवर येते आणि भार हलका होतो. प्रोजेक्टरवर फरक फारसा जाणवत नाही. डावी ऑल्ट आणि एफ दाबलं की पूर्ण पडदा. फोन आडवा धरा, उभा धरलात तर प्रोजेक्टरवर मधे एक चिंचोळी पट्टीच दिसते. अँड्रॉइड ११ पासून पुढे आवाजही संगणकावर येतो. त्याआधीच्या फोनवर चित्र येतं पण आवाज फोनमध्येच राहतो, तेव्हा स्पीकर फोनला जोडा.

केबल हातात घेऊन टेबलाभोवती फिरताना ती पायात येते, आणि साधी यूएसबी केबल ५ मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. म्हणून वायफाय वापरा. फोन आणि संगणक एकाच नेटवर्कवर ठेवा, केबल एकदा जोडा, आज्ञेच्या नावानंतर स्पेस देऊन दोन डॅश आणि टीसीपीआयपी लिहा. जोडणी वायफायवर गेली की केबल काढा. राउटरला ५ गिगाहर्ट्झ असेल तर तेच निवडा. २.४ वर चित्र मागे पडतं: तुम्ही वळून झालेलं असतं आणि पडद्यावरचा गड अजून वळत असतो.

आता वर्गाची मांडणी. बहुतेक गडबड इथेच होते. प्रोजेक्टरला अंधार हवा आणि एआरला उजेड. सगळे दिवे घालवले की कॅमेऱ्याला ठिपके सापडत नाहीत आणि गड तरंगायला लागतो. पडद्याकडचे दिवे बंद करा, टेबलावरची ट्यूब चालू ठेवा.

टेबलाचा पृष्ठभागही बघा. पांढरा सनमायका, चकचकीत टाइल्स, एकसारखी करडी शहाबादी फरशी, यांवर कॅमेऱ्याला पकडायला काहीच नसतं. ‘फोन हळूहळू हलवा’ एवढंच सांगत ॲप अडकून पडतं. त्यावर जुन्या वर्तमानपत्राची चार पानं पसरा. बातम्यांचे मथळे, जाहिराती, फोटो असं सगळं वेगवेगळं असलेलं पान एआरला फार मानवतं. पानं टेपने चिकटवा, पंख्याने उडाली की गडही सरकतो. सुरुवातीला फोन टेबलापासून हातभर वर धरून आडवा, सावकाश हलवा. जागच्या जागी नुसता वळवू नका, थोडा सरकवा. सरकल्याशिवाय त्याला अंतर कळत नाही.

गड ठेवलात की त्याच्याभोवती चाला. प्रतापगड दाखवत असाल तर हे कराच. मुख्य दरवाजा बुरुजांच्या आड कसा दडलाय हे पुस्तकातल्या सपाट चित्रात कळत नाही. फोन तटाच्या उंचीला खाली आणून त्या वाटेने हळू पुढे नेला की मुलांना ते लगेच दिसतं. १६५६ साली बांधलेल्या त्या गडाचा माची आणि बालेकिल्ला हा भेदही वरून खाली येताना स्वच्छ उमगतो. तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप करण्यासारखा आहे.

एप्रिलमध्ये सांगलीकडच्या उन्हाळ्यात कॅमेरा, एआर आणि वायफाय एकदम चालवलं की फोन तापतो, मग चित्र तुटक होतं. कव्हर काढा, फोन उन्हात ठेवू नका आणि एका दमात पंधरा मिनिटांच्या वर चालवू नका. वीज किंवा नेटवर्क ऐन वेळी जाईल म्हणून आदल्या दिवशी एक फेरी रेकॉर्ड करून ठेवा: आज्ञेच्या नावानंतर स्पेस, दोन डॅश, रेकॉर्ड, बरोबरचं (=) चिन्ह आणि डॉट एमपी४ ने संपणारं फाइलचं नाव.

तुमच्याकडे एआरकोअर चालणारा फोनच नसेल किंवा ॲप तपासायचं असेल, तरच एम्युलेटरकडे वळा. अँड्रॉइड स्टुडिओ या ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या सॉफ्टवेअरमधला एम्युलेटर एआरकोअर चालवतो, मात्र तो तुमच्या वेबकॅममधून वर्ग दाखवत नाही. आत एक बनवलेली खोली आहे, गड तिथे उभा राहतो. यासाठी १६ जीबी रॅम धरा आणि बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू करा. ४ जीबीच्या संगणकावर वेळ घालवू नका.

अँड्रॉइड स्टुडिओच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नवं उपकरण बनवताना अँड्रॉइड ११ ची एक्स८६-६४ प्रतिमा (सिस्टिम इमेज, म्हणजे नकली फोनची तयार अँड्रॉइड प्रणाली) घ्या. बरीच एआर ॲप्स फक्त फोनमधल्या एआरएम प्रोसेसरसाठी बांधलेली असतात आणि ही प्रतिमा ते भाषांतर करून चालवते. दुसरी घेतलीत तर ‘नो मॅचिंग एबीआयज’ अशी चूक येण्याचा संभव जास्त. मागच्या कॅमेऱ्याला ‘व्हर्च्युअल सीन’ निवडा. पुढे एआरकोअरच्या गिटहब पानावरून ‘फॉर एम्युलेटर’ असं नावात असलेली एपीके (ॲप टाकायची फाइल) उतरवून एम्युलेटरच्या खिडकीवर ओढून सोडा. फोनसाठीची एपीके इथे चालत नाही. पडदा काळा राहिला तर एक्स्टेंडेड कंट्रोल्समध्ये ओपनजीएलची पातळी ‘रेंडरर मॅक्सिमम’ करा आणि एम्युलेटर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. खोलीत फिरायला शिफ्ट दाबून डब्ल्यू, ए, एस, डी आणि वळायला माउस. जुन्या आवृत्तीत शिफ्टच्या जागी ऑल्ट असतं. इतिहासाच्या ॲपची एपीके मात्र ते बनवणाऱ्याकडूनच मागा.

छापील चित्रावर कॅमेरा धरल्यावर उघडणाऱ्या ॲपची गोष्ट वेगळी आहे. त्यातल्या काहींना एआरकोअर लागत नाही. मागचा कॅमेरा म्हणून ‘वेबकॅम’ निवडला की ती एम्युलेटरमध्ये चालू शकतात. पुढचा कॅमेरा निवडलात तर चित्र आरशासारखं उलटं येऊन ओळखलं न जाण्याची शक्यता असते. एआरकोअरवरच चालणारं असेल तर ते चित्र एक्स्टेंडेड कंट्रोल्सच्या कॅमेरा भागातून खोलीतल्या भिंतीवर किंवा टेबलावर लावता येतं.

आणि ॲप गडावर गेल्यावरच उघडत असेल तर एम्युलेटरच्या लोकेशन भागात अक्षांश-रेखांश द्या. प्रतापगडासाठी साधारण १७.९३६ उत्तर, ७३.५७८ पूर्व. नुसत्या जीपीएसवर चालणारं ॲप तेवढ्याने उघडतं. आजूबाजूचा परिसर कॅमेऱ्याने ओळखणाऱ्या ॲपला तो डोंगर समोर दिसावाच लागतो. त्यासाठी सहलीत गडावरच रेकॉर्डिंग करून आणा.